मन्सूर तांडेल काय म्हणाला

मांडवीच्या बंगल्याचं फाटक सगुणाराजेंनी स्वतःच उघडलं. गेल्या सात वर्षांत त्या फाटकासमोरून त्या कितीतरी वेळा गेल्या होत्या, शाळेतल्या मुलींना समुद्रावर नेताना, कधी बाजारातून येताना. आत पाऊल मात्र टाकलं नव्हतं. आज सकाळी जुना नोकर काशीराम झाडगावातल्या त्यांच्या बिऱ्हाडी चिठ्ठी घेऊन आला होता. अक्षर थोरल्या भावाचं, दादासाहेबांचं. 'सुभान काल सुटून आला. दुपारी जेवायला यावे. घरचे काम आहे.' खाली सही होती, आशीर्वाद नव्हता.

पायरीवर वहिनीसाहेब उभ्या होत्या. त्यांनी सगुणाराजेंचे दोन्ही हात धरले आणि त्यांना आत नेलं. सात वर्षांत त्यांचे केस पार पिकले होते.

"वन्स, किती वाळलात," त्या म्हणाल्या.

"शाळेत उभं राहून राहून," सगुणाराजे म्हणाल्या. "सुभान कुठे आहे?"

"न्हाणीघरात. सकाळपासून दोनदा अंघोळ झाली. काही विचारू नका, बरं का. आम्हीही विचारलं नाही."

खेमगडचं संस्थान तसं लहानच. राजापूरच्या कातळी सड्यावरची चाळीस गावं आणि नाटे गावाच्या बाजूला खाडीकाठची थोडी जमीन. देशातली सगळी संस्थानं विलीन झाली तसं तेही झालं. गादी गेली, दादासाहेबांना तनखा सुरू झाला, आणि सगळं कुटुंब रत्नागिरीत मांडवीला राहायला आलं. नाट्याला खाडीवर एक छोटा बंगला मात्र त्यांच्याकडेच राहिला. त्या बंगल्याखाली दगडी धक्का होता. संस्थानाच्या काळात तिथे फक्त राजांची लाँच लागे. मासेमारीच्या होड्यांनी पलीकडच्या चिखलातच राहायचं. विलीनीकरणानंतर सरकारने धक्का सगळ्यांना मोकळा केला.

पन्नास सालच्या डिसेंबरात धाकटे सुभानराव शिकार करून पायऱ्यांनी त्या धक्क्यावर उतरले, तेव्हा तिथे मन्सूर तांडेलाची मासेमारीची होडी बांधलेली होती. दोघांची काही बोलाचाली झाली. सुभानरावांनी खांद्यावरची बंदूक काढली आणि मन्सूरच्या छातीत गोळी घातली.

सगुणाराजे तेव्हा वरच्या पायऱ्यांवर उभ्या होत्या. नवरा लग्नाच्या चौथ्याच वर्षी गेल्यापासून त्या माहेरीच राहत. वाऱ्यामुळे त्यांना बोलणं ऐकू आलं नाही, पण दिसलं सगळं. वकिलाने घरात येऊन ठरवून दिलं होतं, सगळ्यांनी सांगायचं की शेवाळावरून पाय घसरला आणि बंदूक उडाली. सगुणाराजेंनी पोलिसांना सांगितलं, पाय घसरला नव्हता. कोर्टातही तेच सांगितलं. मग वकिलाने बचाव बदलला. मन्सूरने राणीसाहेबांवरून, म्हणजे या भावंडांच्या आईवरून, आऊसाहेबांवरून, घाणेरडी शिवी दिली आणि त्या संतापात धाकट्या सरकारांचा तोल गेला, असं सुभानराव म्हणाले. बरोबर असलेल्या काशीरामने 'होय, मी ऐकली' म्हणून साक्ष दिली. मन्सूरचे खलाशी होडीच्या दुसऱ्या टोकाला जाळी ओढत होते. त्यांना फक्त बार ऐकू आला होता. फाशी टळली, दहा वर्षांची शिक्षा झाली. त्यातली सूट वजा जाता सात वर्षांनी, म्हणजे आता अठ्ठावन्नच्या एप्रिलमध्ये, सुभानराव घरी आले होते.

साक्ष दिली त्याच दिवशी दादासाहेबांनी बहिणीची ट्रंक बाहेर ठेवायला लावली होती.

जेवणाची पानं मांडली होती. दादासाहेब आधीच पाटावर बसले होते. त्यांनी मान वर करून पाहिलं आणि समोरच्या पाटाकडे बोट केलं. "बस. सुरमई आहे. तुला आवडते."

"अजून आवडते," सगुणाराजे म्हणाल्या.

तेवढ्यात सुभानराव आले. पूर्वी भरदार छातीचा, हसला की सगळं घर भरून टाकणारा हा भाऊ. आता डोक्यावर बारीक कापलेले पांढुरके केस, अंगात साधा सदरा. त्यांनी वाकून दादासाहेबांना नमस्कार केला, वहिनींना केला, मग सगुणाराजेंपुढे आले आणि क्षणभर थांबले. वहिनीसाहेबांच्या हातातली पळी तशीच राहिली. सुभानराव वाकले.

"आक्का, बऱ्या आहात?"

"बरी आहे. तू?"

"मीही."

आणि ते जेवायला बसले. त्यांचं जेवण कुणाचा दुसरा भात व्हायच्या आत संपलं. मग हात सुकेपर्यंत ते ताटाकडे बघत तसेच बसून राहिले, कुणीतरी 'उठा' म्हणेल याची वाट बघितल्यासारखे. शेवटी वहिनीसाहेबच म्हणाल्या, "भाऊजी, हात धुवा ना." तेव्हा उठले.

जेवणं झाल्यावर सगळे समुद्राकडच्या पडवीत बसले. काशीरामने पानाचं तबक आणून ठेवलं. दादासाहेबांची मुलगी मालन आईच्या खुर्चीमागे उभी होती. सगुणाराजे घर सोडून गेल्या तेव्हा ती बारा वर्षांची होती आणि रोज रात्री आत्याच्याच कुशीत झोपत असे. आता आत्याकडे बघताना तिची नजर कोरडी होती.

दादासाहेबांनी फार आढेवेढे घेतले नाहीत. "मालनचं ठरतंय," ते म्हणाले. "देशावरचे इनामदार आहेत. मुलगा इंजिनियर. अक्षय्य तृतीयेला बघायला येणार आहेत. सगळं पसंत आहे, एकच गोष्ट आड येते."

"सुभान," सगुणाराजे म्हणाल्या.

"सुभान नाही. तू." दादासाहेबांनी पानाला चुना लावता लावता सांगितलं. "मुलाचे आजोबा म्हणतात, अपघात असता तर आम्ही काही मनात आणलं नसतं. पण सख्ख्या बहिणीने सांगितलंय, मुद्दाम मारलं. त्यांचं समाधान होईल एवढंच हवं. कोर्टात काही द्यायचं नाही, छापायचं नाही. एक पत्र. फक्त त्या म्हाताऱ्यांना दाखवायचं आणि परत आणायचं."

त्यांनी कागद पुढे केला. वकिलाने मजकूर तयार करून दिला होता. 'संध्याकाळच्या उन्हाची तिरीप डोळ्यांवर होती व अंतरही पुष्कळ होते, त्यामुळे मला स्पष्ट दिसले नाही. माझ्या बंधूंचा पाय शेवाळावरून घसरला असणे शक्य आहे, असे आता शांतपणे विचार करता वाटते.'

सगुणाराजेंनी तो दोनदा वाचला. "दादासाहेब, ऊन माझ्या पाठीवर होतं."

"कुणाला माहीत आहे ते?"

"मला."

"तुला माहीत आहे म्हणून सात वर्षं आम्ही सगळ्यांनी काय काय सोसलं, ते तुला माहीत आहे?" दादासाहेबांचा आवाज चढला नाही. तो कधीच चढत नसे. "मी तुला दोष द्यायला बोलावलेलं नाही. तो काळ गेला. सुभानने शिक्षा भोगली. कुणाचं देणं राहिलेलं नाही. आता एका पोरीचं आयुष्य मार्गी लागतंय, एवढंच आहे."

वहिनीसाहेब पुढे सरकल्या. "वन्स, तुम्ही गेलात तेव्हा मी यांच्याशी महिनाभर बोलले नव्हते. तुम्हाला ठाऊक नसेल. तुमची बाजू घेतली मी. पण आता मी आई म्हणून सांगते, नाही म्हणू नका."

सगुणाराजेंना ते ठाऊक होतं. काशीरामनेच एकदा बाजारात सांगितलं होतं. त्या मालनकडे वळल्या. "तुला काय वाटतं, मालन?"

"मला कशाला विचारता?" मालन म्हणाली. "तुम्ही खरं बोललात आणि झाडगावात राहायला गेलात. तिथे तुम्हाला शाळेतल्या मुली बाई बाई करतात. मी इथेच राहिले, आत्यासाहेब. चार स्थळं आली आणि चार परत गेली. दर वेळी साडी नेसायची, बसायचं, आणि मग आत कुजबुज सुरू. काकासाहेबांनी गोळी घातली, तुम्ही साक्ष दिलीत, दादांनी तुम्हाला घालवलं. यात माझं काय होतं?"

खाली वाळूवर कोळणी मासे सुकवत होत्या आणि कावळ्यांना हाकलत होत्या. एवढाच आवाज येत होता.

सगुणाराजेंनी त्या पोरीकडे पाहिलं. सात वर्षं त्या एका गोष्टीवर तगून होत्या, की आपण बरोबर वागलो. पण बरोबर वागण्याची झळ कुणाकुणाला लागली, हे त्यांनी कधी मोजून पाहिलं नव्हतं. मन्सूर तर परत येणार नव्हता. सुभानची शिक्षाही भोगून झाली होती. एक कागद एक म्हातारा वाचणार आणि परत देणार. त्याने कुणाचं वाईट होणार होतं?

"पेन द्या," त्या म्हणाल्या.

वहिनीसाहेबांनी डोळ्यांना पदर लावला. दादासाहेबांनी खिशातलं पेन काढून टोपण उघडून दिलं.

"थांबा," सुभानराव म्हणाले.

जेवणानंतर ते पहिल्यांदाच बोलत होते. ते खुर्चीवर बसलेच नव्हते, पडवीच्या खांबाला टेकून खालीच बसले होते. "मला वाचू द्या तो कागद."

"तुझ्याच भल्याचा आहे," दादासाहेब म्हणाले.

"असेल. वाचतो."

त्यांनी कागद वाचला, घडी घातली आणि बहिणीच्या हातात न देता स्वतःच्या मांडीवर ठेवला. "आक्का, सही करू नका. तुम्ही कोर्टात सांगितलंत ते खरं होतं. पाय घसरला नव्हता."

"ते सगळ्यांना माहीत आहे, सुभान," दादासाहेब म्हणाले. "त्याने शिवी दिली, तुझं डोकं फिरलं. पण ते सगळं कुणा परक्याला समजावत बसण्यापेक्षा..."

"त्याने शिवी दिली नव्हती."

दादासाहेबांच्या हातातलं पान तसंच राहिलं.

"काय म्हणालास?"

"मन्सूरने शिवी दिली नव्हती. आऊसाहेबांचं नावसुद्धा काढलं नव्हतं. मी कोर्टात खोटं बोललो. काशीरामला मीच सांगायला लावलं. वकिलाने विचारलं, असं काही बोलला का तो, की ज्याने कुणाचंही रक्त तापेल? मी म्हटलं, हो. तो म्हणाला, काय? तेवढ्यात मला जे सुचलं ते सांगितलं."

दारात उभा असलेला काशीराम पुढे आला. "व्हय," तो कुणाकडेही न बघता म्हणाला. "मी काय्येक ऐकलंच नव्हता. धाकट्या सरकारांनी सांगितलान तसा मी सांगलंय. सात वर्सां देवळात जातंय पण गाभाऱ्याच्या पायरीवर चढवत नाय."

दादासाहेब उठले. खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले. त्यांचा चेहरा सगुणाराजेंनी असा कधी पाहिला नव्हता, आऊसाहेबांना चितेवर ठेवतानाही नाही. त्या दिवशी स्मशानाच्या कडेला लोकांच्या मागे उभं राहून त्यांनी भावाला लांबून पाहिलं होतं.

"आऊसाहेब त्या शिवीपायी गेल्या," दादासाहेब म्हणाले. "तुला माहीत आहे? शेवटचं दीड वर्ष त्यांनी अन्न कमी कमी केलं. म्हणायच्या, माझ्या नावावरून एक माणूस मेला आणि माझा मुलगा तुरुंगात गेला. मी त्यांना रोज सांगायचो, यात तुमचा काय दोष? त्याची जीभ घाण होती. रोज सांगायचो मी. आणि त्या ऐकायच्या आणि भिंतीकडे तोंड करायच्या."

"तुम्ही पत्रात लिहिलं होतंत," सुभानराव म्हणाले. "तुरुंगात मिळालं मला. त्या दिवसापासून ठरवलं होतं."

"तेव्हाच का नाही लिहिलंस?"

"भीती वाटली. केस पुन्हा उघडेल, फाशी होईल, अशी." सुभानरावांनी हे अगदी साधेपणाने सांगितलं. "मग भीती गेली, पण लाज राहिली. काल फाटकातून आत आलो तेव्हा तुम्ही मला मिठी मारलीत, दादासाहेब. तेव्हाच सांगणार होतो. नाही सांगवलं."

वहिनीसाहेब कधीतरी रडायच्या थांबल्या होत्या. सात वर्षं येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक बाईला त्यांनी सांगितलं होतं, तो तांडेल आमच्या सासूबाईंना असं असं बोलला हो. आता त्या स्वतःच्या हातांकडे बघत होत्या.

मालनने विचारलं, "मग तो काय म्हणाला होता, काकासाहेब?"

सुभानरावांनी मान हलवली. "ते आधी त्याच्या घरी सांगायला हवं. उद्या नाट्याला जातो."

"तू तिथे गेलास," दादासाहेब म्हणाले, "तर संध्याकाळपर्यंत सगळ्या तालुक्यात होईल. आईच्या नावाने खोटं रचलं म्हणून. मालनचं तर संपलंच. आणि या घरात तुला पुन्हा घेता येणार नाही मला. मी सात वर्षं तुझ्या बाजूने उभा होतो, सुभान. एकटा. बहिणीला घालवून."

"माहीत आहे."

"मग?"

"त्यांच्या घरात मन्सूरची आई आहे. तिलाही कुणीतरी रोज सांगत असेल, की तुझा मुलगा शिव्या दिल्यामुळे मेला."

दादासाहेब आत गेले. दार लोटलं, आपटलं नाही.

सगुणाराजेंच्या हातात अजून उघडं पेन होतं. त्यांनी टोपण लावून ते वहिनीसाहेबांकडे दिलं. सही करायला निघाले होते मी, हा विचार त्यांच्या मनातून जाईना. आणि त्याहून वाईट दुसरा. पाय घसरला असं आपण तेव्हा म्हटलं असतं, तर ही शिवी कधी रचलीच गेली नसती. आपल्या खऱ्यातून हे खोटं निघालं होतं. त्याचं काय करायचं, ते त्यांना कळेना. त्या भावाशेजारी खाली फरशीवर बसल्या.

"बोट सकाळी आहे," त्या म्हणाल्या. "मी येते बरोबर. आज रात्री झाडगावात चल. दोन खोल्या आहेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी बंदरावर, बोटीपर्यंत नेणाऱ्या पडावात चढताना मागून हाक आली. मालन काशीरामला घेऊन भराभर चालत येत होती. तिचे डोळे सुजले होते.

"हा पण येतो म्हणतोय," ती काशीरामकडे बोट दाखवत म्हणाली. मग आत्याकडे न बघता तिने सांगितलं, "पत्राचं मी दादांना नको म्हणून सांगितलं. इनामदारांना यायचं तर तसंच येऊ देत. नाहीतर नको येऊ देत. माझा राग गेलाय असं समजू नका."

"नाही समजत," सगुणाराजे म्हणाल्या.

"आईने दशम्या दिल्यात." तिने फडकं त्यांच्या हातात कोंबलं आणि ती वळून निघून गेली.

मुसाकाजी बंदराला उतरून ती तिघं चालत नाट्यात पोचले, तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. मन्सूरचं घर खाडीच्या कडेला, चिऱ्याचं, कौलारू. अंगणात त्याची आई हफीजा जाळ्याच्या ढिगावर बसून फाटके फास गाठत होती. तिने आधी सगुणाराजेंना ओळखलं. कोर्टाच्या आवारात एकदा पाहिलं होतं.

"बायसाहेब, तुमी?" ती उठायला लागली. मग तिची नजर मागे गेली आणि ती पुन्हा खाली बसली.

दारात एक सतरा-अठरा वर्षांची मुलगी आली. मन्सूरची मुलगी, रझिया. बाप गेला तेव्हा ती दहा वर्षांची होती.

सुभानराव अंगणाच्या बाहेरच थांबले. त्यांनी हात जोडले. "आई, मी सुभान."

"दिसतंय मना," हफीजा म्हणाली. "डोळे अजून हायत. माफी मागायला आलास तर माघारी जा. ती द्यायची माझ्या हातात नाय. ज्याची त्याच्याकडं माग."

"माफी मागायला नाही आलो. एक सांगायचं आहे. मन्सूरने शिवी दिली नव्हती. ते मी रचलं."

हफीजाचे हात थांबले. तिने जाळं बाजूला सारलं, सावकाश, एक एक फास बोटांतून सोडवत.

"मी म्हणत होते," ती रझियाला म्हणाली. "तुला म्हणत होते का नाय? माझ्या पोराच्या तोंडातून असला कधी निघालाच नाय." आणि मग तिचा आवाज फुटला. "पण मागल्या दोन वर्सांत मी पण म्हणायला लागले होते, बोलला पण असेल. रागाच्या भरात बोलला असेल. काय ठाव. माझ्याच पोरावर मी..." तिने ओढणी तोंडावर दाबली.

रझिया आजीजवळ आली नाही. ती दारातच उभी होती, चौकटीला धरून. "माझं दोनदा ठरून मोडलं," ती म्हणाली. "शिवराळ बापाची पोर म्हणून."

सगुणाराजेंना काल पडवीत उभी असलेली मालन आठवली. 

हफीजाने डोळे पुसले. "इथं माझ्या अंगणात सांगून काय व्हायचंय? चौघांसमोर तोंड काळं केलंत त्याचं. चौघांसमोर सांग. आत्ता होड्या येतील धक्क्यावर."

"चला," सुभानराव म्हणाले.

धक्क्यावर होड्या लागत होत्या. टोपल्या उतरत होत्या, बायका भाव करत होत्या. हफीजा पुढे, तिच्यामागे रझिया, मग सुभानराव, सगुणाराजे आणि काशीराम. लोकांनी बघितलं आणि एकेक करून बोलणं थांबलं. मन्सूरचा धाकटा भाऊ अयूब जहाजावरून सुट्टीवर आला होता. तो होडीतून उडी मारून पुढे आला. त्याच्या हातात वल्हं होतं. सगुणाराजे सुभानच्या जवळ सरकल्या. हफीजाने मुलाला हाताने थांबवलं.

"ऐक आधी," ती म्हणाली.

सुभानरावांनी मोठ्याने सांगितलं. फार शब्द नव्हते. मी त्याला मारलं, तो काही वाईट बोलला नव्हता, कोर्टात मी खोटं सांगितलं. काशीराम पुढे झाला आणि त्याने 'मी पण' म्हणून सांगितलं. बंगला वर होता, बंद, त्याच्या खिडक्यांना फळ्या मारलेल्या. एका म्हाताऱ्याने मान फिरवून पाण्यात थुंकलं.

मग रझिया पुढे आली. ती सुभानरावांच्या अगदी समोर उभी राहिली.

"मग काय म्हणालान माझा बाप?"

सुभानरावांनी दोनदा सुरुवात केली आणि थांबले.

"मी म्हटलं, होडी सोड इथून. तो वर आला. म्हणाला, 'धाकटे राजे, तुमच्या लाँचीची जागा मोकळी ठेवलंय मी. बघा. आणा, लावा.'" त्यांनी धक्क्याच्या उजव्या कोपऱ्याकडे हात केला. "खरंच ठेवली होती. आपली होडी पार एका बाजूला घेतली होती. आणि मला तेच सोसलं नाही. की त्याने माझ्यासाठी जागा ठेवावी. भांडला असता तर कदाचित नसती घातली गोळी."

"रागानं म्हणाला?"

"नाही. हसत होता."

"परत सांगा."

त्यांनी परत सांगितलं. रझियाचे ओठ त्यांच्याबरोबर हलत होते. मग ती मागे वळली आणि आजीच्या खांद्यावर डोकं ठेवून उभी राहिली. अयूबने वल्हं होडीत टाकलं. तो सुभानरावांकडे बघत नव्हता. "जावा आता," तो म्हणाला. "परत येऊ नका."

कुणी पाणी विचारलं नाही आणि त्यांनी मागितलं नाही. मुसाकाजीच्या वाटेवर एका काजूच्या झाडाखाली बसून तिघांनी दशम्या खाल्ल्या. काशीराम मध्येच रडत होता आणि मध्येच खात होता. दादासाहेब आता काय करतील, मालनचं काय होईल, यातलं काहीच सगुणाराजेंना ठाऊक नव्हतं. तनख्यातून सुभानच्या वाट्याला काही येणार नाही, हे मात्र नक्की होतं. शाळेच्या पगारात दोघांचं भागवावं लागणार होतं.

"काही काम बघतो," सुभानराव म्हणाले, जणू त्यांच्या मनातलं ऐकल्यासारखे. "तुरुंगात विणकाम शिकलो. सतरंज्या चांगल्या विणतो."

"बघू," त्या म्हणाल्या. "आधी घरी जाऊ."

ऊन कलल्यावर रत्नागिरीकडे जाणारी बोट आली. किनाऱ्यावरचा पडाव माणसांनी आणि टोपल्यांनी भरला. ती तिघं मागच्या फळीवर बसली. पुढे सुक्या मासळीच्या टोपल्या घेतलेल्या दोन बायका होत्या. एक जैतापूरची असावी, दुसरी नाट्याची. नाट्याची मागे वळून कुणाकडे न बघता, वाऱ्यात ऐकू जावं म्हणून मोठ्याने बोलत होती.

"अगो, ऐकलंस काय? आमच्या मन्सूर तांडेलाचा?"

"तो गोळी लागून मेला तो? शिवी दिलान म्हणून?"

"कसली शिवी गो! राजासाठी जागा मोकळी ठेवलान होती त्यानं. हसून सांगितलान, आणा, लावा म्हणून. असला माणूस होता तो."

"हाय अल्ला," जैतापूरची म्हणाली. "आणि आमी काय काय बोललो."

सुभानरावांनी तोंड समुद्राकडे वळवलं. पडाव लाटेवर वर चढला, खाली आला. पुढे ती बाई अजून सांगतच होती, आणि पलीकडच्या फळीवरचा एक म्हातारा ऐकायला म्हणून तिच्याकडे सरकला.